पेन्सिलीतली मानमोडी

मला ती दिसली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, माझ्या स्वतःच्या दोन डोळ्यांनी मला मानमोडी दिसली! ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं. गेली बावीस वर्षं माझं चष्म्याचं दुकान आहे. या भागातल्या निम्म्या लोकांना समोरून येणारी बस दिसते ती माझ्यामुळे. तेव्हा कोणाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मला कोणी शिकवू नये.

नाव ऐकून दचकू नका. मानमोडी हा आजार नव्हे, पक्षी आहे. चिमणीहून थोडी मोठी, रंगाने झाडाच्या सालीसारखी, म्हणजे दिसायला अगदीच सामान्य. पण मान अशी काही फिरवते की बघणाऱ्याची मान दुखायला लागते! जमिनीवर उतरते, लांबलचक जीभ काढते आणि मुंग्या खाते. थंडीत येते असं पुस्तकात लिहिलंय. आमच्या भागात मात्र ती कधी आलेली नव्हती. निदान कोणी पाहिलेली नव्हती.

आता 'कोणी पाहिलेली नव्हती' या गोष्टीला आमच्याकडे फार महत्त्व आहे, कारण आमचं एक 'पायी पक्षी मंडळ' आहे. सभासद अकरा. आपल्या घरापासून पायी अर्ध्या तासात जाता येईल तेवढ्यातलेच पक्षी मोजायचे, हा नियम. गाडी काढून, डबा घेऊन, डोंगर चढून पाहिलेला पक्षी बाद! मंडळाच्या चिटणीस म्हणजे बाई. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या, पण ते फक्त शाळेला माहीत आहे. आम्हाला अजून तसा अनुभव नाही.

बाईंकडे एक जाडजूड रजिस्टर असतं. त्यात प्रत्येक सभासदाचं स्वतंत्र पान, आणि प्रत्येक पानावर चार रकाने: पक्षी, तारीख, ठिकाण, कोणी पाहिला. पक्षी दोघांनी एकाच वेळी पाहिला असेल किंवा फोटो असेल, तर नोंद शाईने. एकट्याने पाहिला तर पेन्सिलीने. पंधरा दिवसांत दुसऱ्या कोणाला तो दिसला नाही, तर बाई खोडरबर काढतात आणि नोंद खोडतात. खोडताना जीभ दाताखाली धरतात आणि वर भुगा फुंकतात, तोही नेमका माझ्या दिशेने!

माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तेही मंडळाचे सभासद. त्यांच्या पानावरचे एकसष्ट पक्षी शाईत! का, सांगा पाहू? हे गृहस्थ रुग्णाला खुर्चीत आडवं करतात, 'आ करा' म्हणतात आणि खिडकीबाहेर बघत बसतात. पक्षी दिसला की विचारतात, "तुम्हालाही दिसला ना?" तोंडात ती सगळी हत्यारं असताना माणूस काय म्हणणार? "आँ!" झाला साक्षीदार!

आणि मी? माझ्या पानावर आजवर अकरा पक्षी लिहिले गेले आणि अकरा खोडले गेले. पान घासून घासून इतकं झिजलंय की त्यातून मागच्या पानावरचे डॉक्टरांचे शाईतले पक्षी आरपार दिसतात!

याला कारण ते बनियन प्रकरण. लपवण्यासारखं काही नाही, सांगतो. दोन वर्षांपूर्वी समोरच्या पाण्याच्या टाकीवर मला एक पांढरा, रुबाबदार शिकारी पक्षी बसलेला दिसला. मी तातडीने मंडळाला फोन केले. दहाच्या दहा सभासद धावत आले. दुर्बिणी लागल्या. सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात माझी बायको गच्चीवर कपडे काढायला आली आणि तिथूनच ओरडली, "अहो, ते तुमचं बनियन उडून टाकीवर गेलंय, जरा काढता का?"

झालं! तेव्हापासून दुकानात येणारा प्रत्येक जण खुर्चीत बसण्याआधी विचारतो, "काय हो, आम्हाला बनियन दिसेल ना नीट?" एका आजोबांनी तर नंबर काढून घ्यायला दुसरीकडे जायला सुरुवात केली. माझ्या दुकानात येत होते ते फक्त दांडीचा स्क्रू घट्ट करायला. चष्मेवाल्याच्या डोळ्यांवरचाच विश्वास उडाला, तर त्याने काय विकायचं? म्हणून सांगतो, मानमोडी हा माझ्यासाठी नुसता पक्षी नव्हता. तो माझ्या शब्दाचा प्रश्न होता. एकदा, फक्त एकदा, माझं नाव त्या रजिस्टरात शाईने लागायला हवं होतं!

तर मंगळवार. आमचं घर पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराची खिडकी इमारतीच्या मागे उघडते. खाली सायकली ठेवायची पत्र्याची शेड, तिच्यालगत पडकी भिंत आणि भिंतीच्या पायथ्याशी मुंग्यांचं भलंमोठं वारूळ. त्या वारुळापाशी ती बसली होती. जीभ बाहेर, जीभ आत! मान इकडे, मान तिकडे!

"अगं ए! लवकर ये! धावत ये!" मी ओरडलो.

"आले! चष्मा शोधतेय!" आतून आवाज आला.

चष्मेवाल्याच्या बायकोला स्वतःचा चष्मा घरात कधी सापडत नाही. चार चष्मे दिले आहेत, चारही हरवण्यात ती तरबेज आहे. चष्मा सापडून ती खिडकीशी येईपर्यंत मानमोडी भुर्र!

"कुठंय?"

"गेली!"

बायकोने खिडकीतून खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "आज बनियन कुठं वाळत घातलंयत?"

त्याच संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी कानामागची पेन्सिल काढली.

"बाई, मी अजून काही बोललोच नाही!"

"बोला ना. मी तयारीत असते, एवढंच."

मी बोललो. जीभ, मान, मुंग्या, सात वाजून दहा मिनिटं, सगळं सांगितलं. बाईंनी पेन्सिलीने लिहून घेतलं. माझं पान इतकं पातळ झालेलं की पेन्सिल आरपार जाईल की काय अशी भीती वाटली.

"मानमोडी म्हणजे मोठीच नोंद झाली," बाई म्हणाल्या. "येत्या रविवारी सकाळी सातला आम्ही येतो. त्यानंतर मी महिनाभर मुलाकडे चालले आहे. जाताना रजिस्टर नीट करून जाईन."

'नीट करून' म्हणजे खोडरबर. ते मला समजलं.

"या!" मी म्हणालो. "पेन आणा. शाई भरून आणा!"

अशी घोषणा करून मी तिथून निघालो, आणि इथपर्यंत सगळं माझ्या हातात होतं, हे कृपया लक्षात घ्या. गुरुवारी इमारतीच्या जिन्यातल्या फळ्यावर सूचना लागली: 'मागील बाजूस मुंग्यांचा उपद्रव वाढल्याने शनिवारी औषध फवारणी करण्यात येईल. तक्रारदारांच्या सह्या खालीलप्रमाणे.' मी सह्या वाचल्या. पहिली सही माझ्या बायकोची!

"अगं, हे काय केलंस?"

"महिन्यापूर्वीच केली होती सही. कणकेच्या डब्यात मुंग्या होत्या."

"अगं, पण तिचं जेवण आहे ते!"

"आणि कणीक आपलं जेवण आहे."

या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माहीत आहे. मी तडक इमारतीच्या अध्यक्षांकडे गेलो. अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर. त्यांना काहीही सांगा, त्यांचं उत्तर एकच.

"फवारणी रविवारनंतर करा," मी म्हणालो.

"लेखी द्या."

"अहो, साधी गोष्ट आहे. मला रविवारी सकाळपर्यंत मुंग्या हव्या आहेत."

"कारणासह लेखी द्या."

दिलं! चांगलं पानभर लिहून दिलं. अध्यक्षांनी ते जिन्यात उभं राहून, चार शेजाऱ्यांसमोर, मोठ्याने वाचलं. '...तरी सदर मुंग्या रविवारी आठ वाजेपर्यंत जिवंत ठेवाव्यात ही विनंती.' शेजारी हसले ते हसले, शिवाय तळमजल्यावरून कोणीतरी विचारलं, "मुंग्याच ना नक्की? नीट बघितल्यात ना?"

माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता कोणाला विनवायचं नाही. मुंग्यांची काळजी मी स्वतः घेणार!

शुक्रवारी सकाळी मी विचार केला. मुंग्या भरपूर असल्या तर मानमोडी परत येणार. मुंग्या भरपूर व्हायला काय लागतं? साखर. मी पातेलंभर पाण्यात डब्यातली सगळी साखर ढवळली आणि खिडकीतून हळूच वारुळाच्या दिशेने निम्मं ओतलं. उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ओट्याखाली झाकून ठेवलं. कल्पना अचूक होती. फक्त पाक सरळ खाली न पडता भिंतीवरून ओघळत गेला, एवढाच फरक. त्यामुळे वारुळापासून आमच्या खिडकीपर्यंत गोड रस्ता तयार झाला. मुंग्या वर आल्या. आमच्या स्वयंपाकघरात चक्कर मारून वरच्या मजल्यावर गेल्या, मग शेजारी, मग त्यांच्या शेजारी! शनिवारच्या सकाळपर्यंत मुंग्यांनी आख्खी इमारत पालथी घातली होती. अध्यक्षांची कवळी रात्री वाटीत ठेवलेली असते. त्या वाटीत मुंग्या!

"अहो, साखर कुठं गेली?" बायकोने रिकामा डबा माझ्यापुढे धरला.

"भिंतीवर."

ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मी घरात थांबत नाही. शिवाय दोन दिवस खिडकीत वाकून पहारा केल्याने माझी मान आखडली होती, ती डावीकडे वळेना. बायको डावीकडून येत होती. मी उजवीकडून निघालो.

फाटकापाशी पाहतो तर औषधवाला हजर! पाठीवर टाकी, हातात नळी आणि नाकावर दोरीने बांधलेला चष्मा, त्याची एक काच तडकलेली. आमच्या धंद्यातल्या माणसाला असा चष्मा बघवत नाही. आणि त्याच क्षणी मला युक्ती सुचली.

"दादा, या चष्म्यातून दिसतं का काही?"

"अंदाजाने मारतो साहेब," तो म्हणाला. "मुंग्या कुठं पळून जातात?"

"चला माझ्या दुकानात. डोळे तपासतो. फुकट!"

त्याला मी खुर्चीत बसवलं आणि पक्का दोन तास बसवून ठेवलं! ही काच बरी की ती काच बरी? आता ही? आणि ही? परत पहिली लावतो, आता सांगा! सगळ्यात खालची ओळ वाचा. उलटी वाचा. आता एक डोळा झाकून वाचा. बिचाऱ्याला ती ओळ पाठ झाली. शेवटी त्याच्या नंबराचा एक उत्तम चष्मा दुकानात तयार होता, तो मी त्याच्या नाकावर चढवला. तो दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. 

"साहेब," तो शेवटी म्हणाला, "समोरच्या झाडाला वेगवेगळी पानं आहेत!"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. बावीस वर्षं मी हे बघतोय आणि दर वेळी बरं वाटतं. पण लगेच मी भानावर आलो.

"आता आज काम करू नका. नव्या चष्म्याची सवय व्हायला हवी. थेट सोमवारी या," मी बजावलं.

"सोमवारी येतो!" असं म्हणून तो गेला. मी शीळ घालत घरी आलो. मोहीम फत्ते! इकडे अध्यक्षांनी कवळीवरच्या मुंग्या झटकून त्याला फोन केला, हे मला कोणीही लेखी कळवलं नाही.

रविवार उजाडला. पावणेसातला मी स्वेटर घालून वारुळापाशी खाली हजर. सातला बाई आल्या. काखेत रजिस्टर, कानामागे पेन्सिल, पर्समध्ये खोडरबर आणि पेन. दातांचे डॉक्टर आले, त्यांच्या गळ्यात हातभर लांब कॅमेरा. बाकीच्या सभासदांनी बनियन प्रकरणाचा धसका घेतल्यामुळे ते घरीच झोपले होते. आम्ही शेडच्या आडोशाला उभे राहिलो. सव्वासात. साडेसात. मुंग्या भरपूर, पक्षी नाही.

"डास चावतायत," डॉक्टर म्हणाले.

"चावू द्या!" मी म्हणालो.

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग पर्सची चेन उघडली. आत खोडरबर! तेवढ्यात कोपऱ्यावरून पावलं वाजली आणि अध्यक्ष आले. मागे पाठीवर टाकी घेतलेला औषधवाला! चेहरा नुसता फुललेला.

"साहेब!" तो लांबूनच ओरडला. "आयुष्यात पहिल्यांदा मुंगीचे पाय दिसले! सहा असतात! आता बघा, एकसुद्धा सुटत नाही माझ्या हातून!"

"सोमवारी या म्हटलं होतं ना!"

"अध्यक्षांनी रातोरात फोन केला. आणि एवढं स्वच्छ दिसतंय म्हटल्यावर घरात बसवेना हो!"

त्याने नळी सरसावली. मी पुढे झालो. "थांबा! फक्त अर्धा तास!"

"लेखी नाही," अध्यक्ष म्हणाले.

औषधवाल्याने पंप मारायला सुरुवात केली. आणि मग, मंडळी, मी जे केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. मी त्या वारुळाशेजारी पालथा आडवा झालो!

"मारा फवारा! आधी माझ्यावर मारा!"

सगळे थबकले. नेमक्या त्याच वेळी वर आमच्या स्वयंपाकघरात बायकोला ओट्याखालचं पातेलं सापडलं. मुंग्यांनी काळंभोर झालेलं. तिने ते दोन बोटांनी उचललं आणि खिडकीबाहेर उपडं केलं. चष्मा डोळ्यांवर नव्हता, त्यामुळे खाली कोण आहे ते बघायचा प्रश्नच नव्हता. अर्धं पातेलं पाक, मुंग्यांसकट, माझ्या पाठीवर!

"अगं बाई!" मी किंचाळलो.

"अगं बाई!" वरून तीही किंचाळली. चष्मा डोक्यावर होता, तो तिने डोळ्यांवर ओढला.

उठावंसं वाटलं, पण उठलो नाही. उठलो असतो तर त्या नळीने वारूळ संपवलं असतं, आणि वारुळाबरोबर माझी नोंदही. पाक स्वेटरमध्ये मुरायला लागला. खालच्या मुंग्यांना वरच्या मुंग्यांनी निरोप दिला असावा, कारण दोन मिनिटांत सगळं वारूळ माझ्या पाठीवर राहायला आलं. मान तर अशी आखडलेली की डावा गाल मातीत आणि नजरेसमोर फक्त पायच पाय: अध्यक्षांच्या चपला, बाईंचे बूट, डॉक्टरांची विजार, औषधवाल्याची नळी.

पडल्या पडल्या मी बोलायला लागलो. जोरात बोललो तर तोंडात मुंगी जात होती, म्हणून हळू बोललो. पण बोललो!

"बावीस वर्षं मी लोकांना दाखवतोय," मी म्हणालो. "कोणाला बस दिसत नव्हती, कोणाला वर्तमानपत्र. मी दाखवलं. आणि मला काही दिसलं की तुम्ही पेन्सिल काढता! एक बनियन चुकलं म्हणून माणूस कायमचा खोटा ठरतो का? माझ्या दुकानात यायचं आणि मलाच नजर आहे का म्हणून विचारायचं? अकरा वेळा खोडलंत. आता बाराव्यांदा खोडा. पण मी मात्र इथून हलणार नाही!"

आणि काय सांगू! सगळे गप्प! अध्यक्षांच्या चपला जागच्या जागी थिजल्या. औषधवाल्याची नळी हळूहळू खाली आली. डॉक्टरांची विजार वाकली आणि चक्क गुडघ्यावर टेकली! बाईंचे बूट चवड्यांवर उभे राहिले. वरून बायकोचा एक शब्द नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं लोक मनापासून ऐकत होते. माझ्या शब्दांनी दातांचे डॉक्टर गुडघ्यांवर आले होते!

मला आणखी चेव चढला. पाठीत मधूनमधून टोचत होतं, कधी मणक्यावर, कधी खांद्यापाशी. मुंग्याच, दुसरं काय! चावा म्हटलं, चावून घ्या! मी बोलत राहिलो. पेन्सिलीवर बोललो, खोडरबरावर बोललो, अध्यक्षांच्या लेखीवर बोललो. शेवटी अंगात आलं आणि मी हात उंचावून गरजलो, "दिसली म्हणजे दिसली!"

पाठीवर काहीतरी फडफडलं.

"अरेरे!" सगळे एकदम म्हणाले.

"काय अरेरे?"

"उडाली ना!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "काय माणूस आहात! स्वस्थ पडायला काय झालं होतं?"

"कोण उडाली?"

"मानमोडी," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा हळवा कधी ऐकला नव्हता. "चार मिनिटं होती. तुमच्या पाठीवर बसून मुंग्या खात होती. काय मान वळवत होती हो!"

मी उठलो. उठलो म्हणजे कसाबसा बसता झालो. झाडावर पाहिलं, भिंतीवर पाहिलं, जिकडे मान वळत होती तिकडे सगळीकडे पाहिलं. ती डावीकडे गेली होती म्हणे.

बाईंनी रजिस्टर उघडलं. माझं पान काढलं. कानामागची पेन्सिल कानामागेच राहिली आणि पर्समधून पेन बाहेर आलं. पेनचं टोपण निघाल्याचा तो आवाज! दोन वर्षं ज्याची वाट पाहिली तो! अंगभर मुंग्या असूनही मी ताठ बसलो.

"पक्षी, मानमोडी, एक," बाई बोलत बोलत लिहू लागल्या. "तारीख, आजची. कोणी पाहिला: चष्मेवाल्यांच्या पत्नी, त्यांनी सगळ्यांत आधी पाहिली आणि वरून खूण केली. दातांचे डॉक्टर, फोटोसह. अध्यक्ष. औषधवाले. आणि मी."

"आणि मी!"

"तुम्ही पाहिलीत?"

"मंगळवारी पाहिली!"

"आज?"

"आज मी... अहो, आज मी तिच्याखाली होतो!"

"नियमात 'पाहिला' असं आहे," बाई म्हणाल्या. "'खाली होता' असा रकाना नाही. आणि मंगळवारी तुमच्याबरोबर कोणी नव्हतं. ती नोंद पेन्सिलीतच."

एवढ्यात जिना उतरून बायको आली. चष्मा डोळ्यांवर, केसांत मुंग्या. मला वाटलं, आता साखरेचा हिशोब होणार. पण ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, मंगळवारी यांनी मला हाक मारली होती. मीच चष्मा शोधत बसले. वेळेवर गेले असते तर मलाही दिसली असती. यांना दिसली होती. यांनी सांगितली तशीच्या तशी आहे ती, जीभसुद्धा!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर डोळ्यात मुंगीही गेली, पण पाणी आधी आलं होतं.

बाईंनी पेन वर उचललं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या स्वेटरकडे पाहिलं. "नियमाबाहेर मी तीस वर्षं गेले नाही, आताही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ठिकाणाचा रकाना अजून मोकळा आहे. ठिकाण जितकं अचूक तितकं चांगलं."

आणि त्यांनी ठसठशीत अक्षरात, निळ्या शाईने लिहिलं: 'इमारतीमागे, वारुळाशेजारी, चष्मेवाल्यांची पाठ.'

लागलं की नाही माझं नाव? शाईत! रकाना कुठला, याची चौकशी ज्यांना करायची त्यांनी करावी. मी करत नाही. मंगळवारची नोंद बाईंनी तिथंच खोडली, भुगाही फुंकला, पण या वेळी दुसऱ्या बाजूला. एवढं मला पुरे आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो. अध्यक्षांनी मानमोडी पाहिल्यापासून मुंग्यांना थंडी संपेपर्यंत मुदतवाढ दिली आहे. तशी सूचना फळ्यावर आहे. लेखी! औषधवाला आमच्या मंडळाचा बारावा सभासद झाला. माझ्या चष्म्यातून त्याने तीन महिन्यांत सतरा पक्षी पाहिले, सतराही शाईत. भेटला की हात जोडतो, म्हणतो, "साहेब, सगळं तुमच्यामुळे दिसतं." मी म्हणतो, "असू दे, असू दे," आणि विषय बदलतो. बायकोने साखरेच्या डब्याला कुलूप लावलंय. किल्ली कुठं ठेवली ते तिला आठवत नाही. आणि त्या बनियनचं विचाराल, तर मी आजही छातीठोकपणे सांगतो, त्याची बसण्याची ढब शिकारी पक्ष्याचीच होती!

डॉक्टरांनी काढलेला फोटो मी मोठा करून दुकानात लावलाय, अक्षरांच्या तक्त्याच्या बरोबर शेजारी. त्यात मानमोडी अगदी स्पष्ट आली आहे. पीस अन् पीस मोजून घ्या. खाली स्वेटर. परवाच ते आजोबा आले, तेच, नंबर दुसरीकडून काढून घेणारे. या वेळी स्वतःहून खुर्चीत बसले. मी काच बसवली. त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"पक्षी झकास आहे हो. पाठ कोणाची?"

"माझी," मी मान ताठ करून सांगितलं.

"वा! मग तुम्हाला अगदी जवळून दिसला असेल?"

"सगळ्यात खालची ओळ वाचा," मी म्हणालो.